आधी धक्का, मग बोट

गेल्या मार्चमध्ये आमच्या जावयाचा, निखिलचा, फ्रान्सहून फोन आला. "बाबा, बोट घ्यायचं ठरवलंय. मेमध्ये तुम्ही येताय ना, तोवर थांबतो. इंजिन तुम्हीच बघायचं."

मांडवीवरच्या खनिजाच्या बार्जची इंजिनं दुरुस्त करण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, बार्ज जिथल्या तिथे उभ्या राहिल्या आणि आमचं यार्डही थंडावलं. त्यानंतर घरच्या पाण्याच्या पंपापलीकडे मी कशाला हात लावला नव्हता. त्यामुळे त्या फोनने मी किती फुगलो ते सौभाग्यवतींनी लगेच ओळखलं. "तिथे जाऊन त्याला शहाणपण शिकवत बसू नका," एवढं म्हणून त्या बॅग भरायला लागल्या.

आमची मुलगी मुग्धा दक्षिण फ्रान्समध्ये इटर प्रकल्पात काम करते. सूर्याच्या पोटात जशी ऊर्जा तयार होते, तशी ती जमिनीवर तयार करता येते का हे पाहणारा हा प्रकल्प. भारत त्याच्या सात भागीदारांपैकी एक. त्याचे अजस्र सुटे भाग जगभरातून जहाजाने फॉसच्या बंदरात येतात, तिथून बेर नावाचं खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर बार्जवरून ओलांडतात आणि मग १०४ किलोमीटर रस्त्याने प्रकल्पापर्यंत जातात. अणूंतलं मला काही कळत नाही. पण बार्जचं ऐकलं आणि लेकीचं ऑफिस मला एकदम जवळचं वाटायला लागलं.

मुलं राहतात एक्स गावात. तिथून समुद्र मोटारीने तासाभरावर. मार्सेयच्या पूर्वेला ला सियोता नावाचं गाव आहे, ते निखिलने हेरून ठेवलं होतं. मोठा अर्धचंद्राकृती उपसागर, पश्चिमेच्या टोकाला 'गरुडाची चोच' म्हणतात तो बाकदार खडक आणि त्याच्यासमोर झाडीने भरलेलं छोटं 'हिरवं बेट'. सिनेमाच्या इतिहासात फलाटावर येणारी जी आगगाडी सगळ्यांना ठाऊक असते, ती ल्युमिए बंधूंनी याच गावच्या स्टेशनात टिपली. मी मात्र बघत राहिलो ते जुन्या बंदराच्या बाजूला उभ्या असलेल्या राक्षसी क्रेन. इथे पूर्वी मोठाली जहाजं बांधत, वायुवाहू जहाजंही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस यार्ड बंद पडलं, हजारो माणसं घरी बसली. आता त्याच जागी अब्जाधीशांच्या यॉट दुरुस्तीला येतात. यार्ड बंद पडलेलं गाव कसं दिसतं ते मला चांगलंच माहीत आहे. बंद पडलेलं यार्ड पुन्हा चालू झालेलं मात्र मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तिथल्या वेल्डिंगचा वास नाकात गेला तेव्हा थोडा वेळ कोणाशी बोलावंसं वाटेना.

धक्क्यावरून फिरताना एक गोष्ट खटकली. झाडून साऱ्या बोटी पाठ धक्क्याला लावून उभ्या. बाजारात स्कूटर लावतात तशा, एकीला एक चिकटून. आमच्याकडे बार्ज किंवा ट्रॉलर जेटीला अंगाने लागतो. मी निखिलला विचारलं, "आणि ओहोटीला काय करतात?" तो हसला. "बाबा, इथे ओहोटीच नाही."

म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. भूमध्य समुद्राचं पाणी वीतभर वर-खाली होतं. जिब्राल्टरची सामुद्रधुनी इतकी चिंचोळी, की अटलांटिकची भरती आत शिरत नाही. मांडवीच्या तोंडाशी उधाणाला दोनेक मीटरचा फरक पडतो. सकाळी ज्या बार्जवरून सरळ जेटीवर पाय टाकला, तिच्यात दुपारी शिडीने उतरावं लागतं. इथे दगडी धक्का आणि बोटीची कड यांचं अंतर वर्षभर तेच. म्हणून फळी टाकून मागच्या मागे चढायचं. अंगाने लावली असती तर जेवढ्या जागेत एक बोट मावली असती, तेवढ्यात तीन-चार उभ्या राहतात.

आणि तरीही जागा नाही! पण ते आम्हाला नंतर कळलं.

पहिली बोट पाहिली ती सुमारे सात मीटरची. दोघांना झोपता येईल अशी केबिन, छोटी शेगडी, आत बसवलेलं डिझेल इंजिन आणि मागे पाण्यात उतरलेला त्याचा पाय. मालक बोलायला गोड. निखिलचे डोळे लकाकले. डिझेल म्हटल्यावर माझेही लकाकले असते, पण सवयीने मी आधी झाकण उघडून इंजिनावर तळहात ठेवला. कोमट लागलं. आम्ही यायच्या आधी अर्धा-पाऊण तास ते चालवून ठेवलं होतं. जुन्या इंजिनाची खरी परीक्षा थंड असताना होते. किती वेळ स्टार्टर फिरतो, धूर कोणत्या रंगाचा येतो, तो किती वेळात थांबतो. गरम करून ठेवलेलं इंजिन म्हणजे दाखवायला पावडर लावून बसवलेली मुलगी, असं आमचे मेस्त्री म्हणायचे. हल्ली असं बोलू नये, मुग्धा रागावते.

दुसरी गोष्ट त्या पायाची. इंजिन आत आणि पंखा बाहेर, तर जोडाशी रबराचा भाता असतो. तो ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो. चिरला तर पाणी आत येतं आणि बोट उभ्या जागी बुडते, रात्री, कोणाच्या नकळत. मी बोटाने दाबून पाहिला. भेगा स्पष्ट होत्या. हे सगळं मी निखिलला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "भाता बदलता येईल बाबा. पण याच्याकडे धक्क्यावर जागा आहे. बोटीबरोबर जागा मिळते म्हणतोय."

तिथे मी गप्प झालो. इंजिनातलं मला कळतं, फ्रान्समधल्या जागेतलं काय कळणार? मालकाला आठवड्याच्या आत इसार हवा होता; दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणे. रक्कमही लहान नव्हती. त्या रात्री जेवताना सगळं ठरल्यासारखंच बोलणं चाललं होतं. मुग्धाने फक्त एवढंच विचारलं, "जागेचा कागद कोणाच्या नावावर आहे?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः आमच्याबरोबर आली आणि थेट बंदराच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. धक्का सार्वजनिक मालकीचा. त्यावरची जागा माणसाला वापरायला दिलेली असते, तीसुद्धा मुदतीपुरती. ती त्याच्या मालकीची नसते. बोट विकली की जागा बंदराकडे परत येते आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाला जाते. विकणाऱ्याने काहीही सांगितलं तरी ती बोटीबरोबर मिळत नाही.

"यादीत किती वर्षं लागतात?" निखिलने विचारलं.

बाईंनी आधी बोटीची लांबी विचारली. प्रत्येक मापाची यादी वेगळी. सात मीटर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, की मुलगा किती वर्षांचा आहे? आमचा नातू ईशान शेजारीच उभा होता, आठ वर्षांचा. त्या त्याच्याकडे बघून हसल्या. आम्हाला उत्तर मिळालं.

बाहेर आल्यावर निखिल बराच वेळ बोलला नाही. मालक फसवत होता की त्याचाच समज चुकीचा होता, देव जाणे. पण इसार देऊन बसलो असतो तर सात मीटरची बोट हातात आणि ती उभी करायला जागा नाही, अशी गत झाली असती. आमच्याकडे कोणी गोठा बांधल्याशिवाय म्हैस आणत नाही. इथे मात्र बोट बघायला सगळे धावतात आणि धक्क्याचं नंतर बघू म्हणतात. मीही त्यातलाच. इंजिनावर हात ठेवून मी स्वतःला मोठा शहाणा समजत होतो. महत्त्वाचा प्रश्न विचारला तो जिला बोटीचं वेड नाही तिने.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. बोट ठेवायची कुठे? पाण्यातली कायमची जागा मिळणं दूर. ट्रेलरवर लादून घरी न्यावी, तर फ्लॅटखाली ती ठेवायला जागा नाही आणि उन्हाळ्यात उतरणीवर ही रांग. उरलं कोरडं बंदर. हा प्रकार मला फार आवडला. किनाऱ्यालगत मोठी लोखंडी मांडणी, तिच्यात तीन-चार मजल्यांवर बोटी रचलेल्या, कपाटातल्या डब्यांसारख्या. आदल्या दिवशी फोन करायचा, की प्रचंड फोर्कलिफ्ट तुमची बोट उचलून पाण्यात ठेवते. संध्याकाळी परत आणली की गोड्या पाण्याने धुवून पुन्हा वर. बुडाला शेवाळ-शिंपले धरत नाहीत, दर वर्षी तो विषारी रंग लावावा लागत नाही, आणि मिस्त्रालमध्ये दोर तुटला असेल का म्हणून रात्री झोप उडत नाही. खोट एवढीच, की त्यांच्या वेळेत निघायचं आणि त्यांच्या वेळेत परतायचं. मांडणीला वजनाची आणि लांबीची मर्यादाही असते.

म्हणजे बोटीचं माप आता मांडणीने ठरवलं. यात एक मेख आहे. जाहिरातीत लिहिलेली लांबी बहुधा नुसत्या सांगाड्याची असते. मागे लटकणारं इंजिन, पोहून चढायची फळी, पुढचा नांगराचा रूळ हे सगळं धरलं की अर्धा मीटर सहज वाढतो, आणि भाडं ठरवणारे टोकापासून टोकापर्यंत मोजतात. त्या दिवसापासून निखिल खिशात टेप घेऊन फिरायला लागला.

मध्येच माझा पाय घसरला होता, तेही सांगून टाकतो. जुन्या बंदरात 'पोंत्यू' म्हणतात त्या दोन्ही टोकांना निमुळत्या लाकडी होड्या आहेत. पूर्वीच्या मच्छीमारांच्या, आता हौशी लोक त्या निळ्या-पिवळ्या रंगवून जपतात. एक विकायला होती. आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, चालू केल्यावर टक-टक-टक असा आवाज, अगदी आमच्या बालपणीच्या गॅसोलीनसारखा. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी : नदीतल्या मोटार-होडीला आमच्याकडे गॅसोलीन म्हणायचे.) मी तिथून हलेना. पण लाकडी होडीला दर वर्षी वर काढणं, खरवडणं, फटी बुजवणं आलं, आणि मांडणीवर कोरडी ठेवली तर फळ्या आकसून फटी पडणार. मी वर्षातले तीन महिने येणार. बाकी नऊ महिने करणार कोण? मीच नको म्हणालो. म्हणताना बरं वाटलं नाही.

शेवटी घेतली ती साडेपाच मीटरची, फायबरची, उघडी, मागे बाहेरचं पेट्रोल इंजिन. बाहेरच्या इंजिनाचा मोठा फायदा म्हणजे ते पूर्ण वर उचलता येतं. खाऱ्या पाण्यात काही राहत नाही. या वेळी मालकाला आधीच सांगितलं, की इंजिन चालू करून ठेवू नका. थंड होतं. दुसऱ्या फटक्यात सुरू झालं, थंड पाण्याची बारीक धार मागून नीट पडत होती. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून पाहिलं. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय समजावं. इथे स्वच्छ होतं. जस्ताचा तुकडा, जो इंजिनाऐवजी स्वतः झिजतो, तो निम्मा झिजला होता, म्हणजे काम करत होता. नवाकोरा दिसला असता तर कदाचित शंका घेतली असती. ज्या फळीवर इंजिन टांगलेलं असतं, तिच्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. आत लाकूड कुजलं असेल तर आवाज बद्द येतो. सगळीकडे टणक आला. सुकाणूजवळच्या छोट्या पाटीवर 'सी' वर्ग आणि माणसांची संख्या कोरलेली होती. सी म्हणजे किनाऱ्याजवळ, बोफोर्ट मापाच्या ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतची लाट. कुटुंबाला एवढं पुष्कळ. त्यापलीकडे वारा गेला तर घरी बसायचं.

निखिलने हिवाळ्यातच परवाना काढला होता. सहा अश्वशक्तीच्या वरच्या इंजिनाला फ्रान्समध्ये तो लागतो : चाळीस प्रश्नांची परीक्षा, पाचापेक्षा जास्त चुका चालत नाहीत, आणि मग प्रत्यक्ष पाण्यावर शिकवणी. मला वाटलं होतं पुस्तकी असेल. पण माणूस पाण्यात पडला तर कोणत्या बाजूला सुकाणू वळवायचं हे त्याने मला विचारलं आणि मी क्षणभर अडखळलो. (ज्या बाजूला पडला त्याच बाजूला, म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून दूर जातो.)

जूनच्या शेवटी निखिल, ईशान आणि मी बांदोलला निघालो. किनाऱ्यापासून तीनशे मीटरच्या आत पाच नॉटच्या वर जायचं नाही, म्हणून ईशान ओरडून वेग वाचत होता. बाहेर पडल्यावर समुद्र तेलासारखा. पाऊण तासात बांदोल. निखिलने रेडिओच्या नवव्या चॅनेलवर पाहुण्यांची जागा मागितली, ती मिळाली, आणि मग ती 'स्कूटर लावायची' वेळ आली.

दोन बोटींच्या मधल्या फटीत उलटं शिरायचं. दोन्ही बाजूंना फेंडर लोंबकळत. आमच्याकडे बार्जला टायर, इथे पांढरे फुगे. धक्क्यावरून एक बारीक दोरी पाण्यात गेलेली असते. ती आकड्याने उचलायची आणि हातात घेऊन पुढच्या टोकाकडे चालत जायचं, की समुद्रतळावरच्या साखळीला बांधलेला जाड दोर वर येतो, शेवाळाने बुळबुळीत आणि शिंपल्यांनी धारदार. तो पुढे घट्ट बांधायचा, मागे दोन दोर धक्क्याला. म्हणजे पुढून साखळी ओढते, मागून धक्का, आणि बोट मध्ये ताणून उभी. ती दोरी हातात असताना पंखा फिरता कामा नये. दोरी पंख्यात गेली की संपलं. निखिलने इंजिन न्यूट्रलला टाकलं, मी आकडा चालवला, ईशानने दोन्ही डोळे झाकले. पहिल्या झटक्यात जमलं. मागचे दोर मी स्वतः बांधले, हातभर ढील ठेवून, चांगले.

जेवून बाहेर आलो तर आकाश घासून पुसल्यासारखं निळं आणि वारा सुटलेला. मिस्त्राल. ऊन लख्ख आणि माणसाला उभं राहू देत नाही असा उत्तरेचा वारा. आम्ही धक्क्यावर धावलो. आमच्या बोटीच्या बाजूला शेजारच्या बोटीवरचे एक आजोबा वाकून उभे होते, आमचा पुढचा दोर ओढून बांधत. माझ्या ढिलाईमुळे बोट वाऱ्याने आडवी होऊन त्यांच्या बोटीवर रेलली होती, एक फेंडर उडून वर आला होता, आणि आमचं इंजिन धक्क्याच्या दगडापासून वीतभरावर डुलत होतं. मागचे दोरही त्यांनी आखडले. मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. निखिलने भाषांतर केलं : "विचारताहेत, इतका ढील कशासाठी?"

मी काय सांगणार? भरतीसाठी, असं सांगितलं. पस्तीस वर्षं हाताला तेच वळण. ओहोटीला दोर तोकडा पडला तर बार्ज लटकते. आजोबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग मोठ्याने हसले आणि मला त्यांच्या बोटीवर बोलावून बडीशेपेच्या वासाचं पेय पुढे केलं. त्यांच्या बोटीच्या कडेला रंगाचा ओरखडा गेला होता. निखिलने पैसे विचारले. त्यांनी हात झटकला.

परत समुद्रातून जाण्याचा प्रश्नच नव्हता. निखिलला सोमवारी कामावर जायचं होतं, त्याच्या चेहऱ्यावर 'थोडंसंच तर अंतर आहे' असं दिसायला लागलं होतं. मी नाही म्हणालो. त्या दिवशी मी त्याला एवढं एकच शहाणपण शिकवलं. ईशानचा हात धरून आम्ही स्टेशनवर गेलो आणि रेल्वेने ला सियोताला उतरलो, ल्युमिएच्या त्याच गावात. गाडी फलाटात शिरताना ईशानने उगाचच किंचाळून घेतलं, मुग्धाने त्याला सिनेमाची गोष्ट सांगितली होती म्हणून. वारा तीन दिवस होता. चौथ्या दिवशी पहाटे निखिल आणि मी जाऊन बोट आणली. मी आजोबांसाठी काजूगर नेले होते, पण त्यांची बोट जागेवर नव्हती. मासे मारायला गेले असावेत. धक्क्यावरच्या कडीला पिशवी बांधून आलो.

परतीच्या आठवड्यात मुग्धाने ला सियोताच्या जागेसाठी प्रतीक्षायादीचा अर्ज भरायला घेतला. दर वर्षी तो पुन्हा भरून आपल्याला अजून जागा हवी आहे असं कळवत राहायचं, नाहीतर नाव गळतं. नाव, पत्ता, बोटीची रुंदी झाली.

"लांबी किती लिहू?" तिने विचारलं.

निखिलने माझ्याकडे पाहिलं.

"इंजिनासकट लिही," मी म्हणालो. त्याने खिशातून टेप काढला.